गोचीड, डास आणि पेनगंगाकाठची गुरे

तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्याची उत्तर सीमा पेनगंगा नदीने आखलेली आहे. नदीच्या एका तीरावर आदिलाबाद, दुसऱ्या तीरावर महाराष्ट्रातील यवतमाळ आणि चंद्रपूर हे जिल्हे, तर पश्चिमेस नांदेड जिल्ह्याचा किनवट तालुका, अशी या भागाची रचना आहे. काळी जमीन, कापसाचे पीक, बैलजोडीच्या बळावर चालणारी शेती आणि घरात बोलली जाणारी मराठी या गोष्टी दोन्ही तीरांवर आढळतात. किनवट आणि राजुरा हे भाग १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच मोडत होते. नकाशा बदलला, तरी सोयरिकी, जत्रा आणि गुरांची खरेदी-विक्री जुन्याच वाटांनी चालू राहिली. २०२० साली त्याच वाटांनी गुरांचा एक नवा आजार या प्रदेशात पसरला. लम्पी चर्मरोग या नावाने तो आता घरोघरी परिचित आहे.

रक्त शोषणाऱ्या जीवांमार्फत जनावरांमध्ये पसरणाऱ्या आजारांचा अभ्यास जुना आहे, आणि ‘गोचीडताप’ हा शब्द तर पशुपालकांच्या रोजच्या बोलण्यातला आहे. गेल्या काही वर्षांत बदलले ते या आजारांचे क्षेत्र. जे आजार एखाद्या खंडापुरते किंवा जंगलाच्या एखाद्या पट्ट्यापुरते मर्यादित होते ते नव्या प्रदेशात दिसू लागले, आणि ज्या जनावरांच्या शरीरास त्यांची ओळखच नव्हती त्यांच्यात वेगाने फैलावले. पशुवैद्यकात ‘उदयोन्मुख आजार’ ही संज्ञा वापरली जाते ती अशांसाठी. लम्पी हे त्याचे भारतातील सर्वांत ठळक उदाहरण होय.

लम्पीचा प्रवास

हा आजार प्रथम नोंदला गेला तो १९२९ साली, आफ्रिकेतील तत्कालीन उत्तर ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झांबियात. सुरुवातीस तो एखाद्या विषारी वनस्पतीचा किंवा कीटकदंशाचा परिणाम असावा असे मानले गेले. तो संसर्गजन्य आहे हे लक्षात यायला आणखी दीड दशक जावे लागले. तोवर तो दक्षिण आफ्रिकेत शिरला होता आणि तेथे सुमारे ८० लाख गुरांना त्याची बाधा झाली. पुढची अनेक दशके तो आफ्रिका खंडातच राहिला. १९८८ मध्ये इजिप्त, १९८९ मध्ये इस्रायल, २०१३ मध्ये तुर्कस्तान, २०१५ मध्ये ग्रीस अशी त्याची पुढची वाटचाल झाली. २०१९ च्या पावसाळ्यात तो बांगलादेशात दिसला, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये भारतात, ओडिशातील गुरांमध्ये त्याची पहिली नोंद झाली. भोपाळ येथील राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेने त्याचे निदान केले.

ओडिशातून तो पश्चिमेकडे आणि दक्षिणेकडे सरकत गेला. महाराष्ट्रातील पहिली बाधा २०२० मध्ये गडचिरोली जिल्ह्याच्या सिरोंचा तालुक्यात आढळली. सिरोंचाच्या समोर, प्राणहिता नदीच्या पलीकडे, चेन्नूरचा भाग आहे. २०१६ साली जुन्या आदिलाबादचे आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कुमुरम भीम आसिफाबाद असे चार जिल्हे झाले. त्यापूर्वी तोही आदिलाबादचाच भाग होता. २०२० च्या पावसाळ्यात आदिलाबाद, चंद्रपूर, यवतमाळ आणि नांदेड या सलग पट्ट्यात अंगावर गाठी आलेली जनावरे दिसू लागली. कोविडच्या टाळेबंदीने माणसांची ये-जा थांबवली होती. गुरांचा हा आजार मात्र थांबला नाही.

दुसरी लाट २०२२ सालची, आणि ती कितीतरी अधिक भीषण ठरली. गुजरात व राजस्थानात मृत जनावरांचे खच पडले. महाराष्ट्रात ४ ऑगस्ट २०२२ रोजी जळगाव जिल्ह्यातील रावेर तालुक्यात चिनावल येथे बाधा आढळली आणि काही आठवड्यांत ती राज्यभर पसरली. त्या वर्षी देशात दीड लाखांहून अधिक गुरे दगावली. २०१९ मध्ये आलेला विषाणू आणि २०२२ मध्ये धुमाकूळ घालणारा विषाणू यांच्या जनुकीय रचनेत लक्षणीय फरक असल्याचे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधनातून पुढे आले. एकदा येऊन गेलेला आजार पुन्हा त्याच रूपात येतो, हे गृहीतच धरता येत नाही.

डंखाची दोन तंत्रे

लम्पीचा विषाणू मेंढ्यांच्या व शेळ्यांच्या देवीच्या विषाणूंचा जवळचा नातेवाईक आहे. माणसाला त्याची बाधा होत नाही; दूध नीट उकळून वापरले तर त्यापासूनही धोका नाही. आजारी जनावराच्या त्वचेवरील गाठींमध्ये आणि खपल्यांमध्ये विषाणू सर्वाधिक असतो. वाळलेल्या खपलीत तो महिनाभरही तग धरतो. थेट स्पर्शाने किंवा एकाच गव्हाणीत खाल्ल्याने तो पसरू शकतो, पण त्याचे मुख्य वाहन म्हणजे रक्त पिणारे जीव.

येथे एक भेद समजून घ्यायला हवा, कारण सारे नियंत्रण त्यावर अवलंबून आहे. काही आजारांत वाहक जीव हा निव्वळ हमाल असतो. डासाने किंवा माशीने आजारी जनावराच्या गाठीत सोंड खुपसली की ती विषाणूने माखते, आणि तीच सोंड पुढच्या जनावरात खुपसली जाते. विषाणू माशीच्या शरीरात वाढत नाही. लम्पीचा प्रसार प्रामुख्याने असा यांत्रिक स्वरूपाचा आहे. प्रयोगात एडिस इजिप्ती जातीच्या डासांनी बाधित जनावराचे रक्त प्याल्यानंतर दोन ते सहा दिवसांपर्यंत निरोगी जनावरांना विषाणू दिल्याचे दिसून आले आहे. गोठ्यातली चावरी माशी या कामी विशेष घातक मानली जाते. दिसायला ती घरमाशीसारखी असली तरी तिची सोंड सुईसारखी पुढे आलेली असते. तिचा डंख इतका झोंबतो की जनावर शेपटी मारून, पाय आपटून तिला हुसकावते. अर्धपोटी माशी मग शेजारच्या जनावरावर जाऊन बसते. जनावराने स्वतःच्या बचावासाठी केलेली धडपडच अशा रीतीने आजाराला दावणीच्या पुढच्या खुंट्यापर्यंत पोचवते. ओले शेण आणि कुजके वैरणीचे काड हे या माशीचे प्रसूतिगृह होय.

दुसऱ्या प्रकारात वाहक हा आजाराच्या जीवनचक्राचाच भाग असतो. थायलेरिया या एकपेशीय परजीवीमुळे होणारा गोचीडताप त्याचे उत्तम उदाहरण आहे. हायलोमा जातीच्या गोचिडीचे पिल्लू बाधित गाईचे रक्त पिते, गळून पडते, गोठ्याच्या भिंतीच्या फटीत कात टाकते आणि पूर्ण वाढ झाल्यावर दुसऱ्या जनावरास चिकटते. परजीवीची वाढ त्या काळात गोचिडीच्या पोटात होत असते. बबेसियाचे तंत्र याहून विलक्षण आहे. तो पसरवणारी गोचीड लहानपणापासून अंडी घालण्याच्या वेळेपर्यंत एकाच जनावरावर राहते. तेव्हा दुसऱ्या जनावरापर्यंत जाण्याचा मार्ग उरतो तो तिच्या अंड्यांतून. आईने घेतलेला परजीवी पुढच्या पिढीच्या पिल्लांत जन्मतःच असतो. लाल लघवी दिसली की पशुपालक जो आजार ओळखतात तो बहुधा हाच. गोचीड हा कीटक नाही, आठ पायांचा, कोळ्याच्या कुळातला जीव आहे, हे जाता जाता नोंदवायला हवे. उडता येत नसल्यामुळे दूरच्या प्रवासासाठी तिला जनावराचीच पाठ लागते, आणि म्हणूनच बाजारातून आणलेले जनावर तिच्यासाठी आगगाडी ठरते.

गोचिडी लम्पीचा विषाणूही वाहून नेऊ शकतात. मात्र माश्या-डासांचा जोर ओसरल्यानंतर विषाणू टिकवून धरण्यात त्यांचा वाटा किती, हा संशोधनाचा विषय अजून खुला आहे.

पावसाळा, डवरणी आणि पोळा

लम्पीत मृत्यूचे प्रमाण साधारणतः शंभरात एक ते पाच इतके सांगितले जाते. आकडा लहान दिसतो, आणि त्यामुळेच तो फसवा आहे. दुधाच्या धंद्यात आजाराची किंमत लिटरमध्ये मोजता येते. आदिलाबादसारख्या कापूसपट्ट्यात ती मोजावी लागते बैलाच्या न झालेल्या कामात.

आजाराची सुरुवात तापाने होते. डोळ्या-नाकातून पाणी गळते, खांद्यापुढील लसिकाग्रंथी सुजतात, आणि दोन-तीन दिवसांत मान, पाठ, पाय, कास यांवर दोन ते पाच सेंटिमीटर व्यासाच्या टणक गाठी उठतात. पोळीवर आणि पायांवर सूज उतरते, जनावर लंगडते. तोंडात व्रण झाले तर ते वैरण सोडते. काही गाठी फुटून खोल जखमा होतात, त्यांत माश्या बसून किडे पडतात. गाभण गाई गाभ टाकतात, वासरांची अवस्था सर्वांत वाईट होते. बैल वाचला तरी ज्या खांद्यावर जू बसते तेथेच जखम असेल, तर तो अनेक आठवडे जुंपता येत नाही.

आता पेनगंगाकाठचे वेळापत्रक पाहावे. मृगाच्या पावसावर कापसाची लागवड होते. जुलै-ऑगस्टमध्ये डवरणी सुरू होते. ओळींमधले तण काढण्यासाठी डवरे पुन्हा पुन्हा फिरवावे लागते, आणि पावसाने दिलेली उघडीप दोन-चार दिवसांची असते. ती हुकली तर तण पिकाच्या वर जाते आणि मजूर लावून निंदणी करण्याचा खर्च अंगावर येतो. याच आठवड्यांत शेणाचे उकिरडे ओले असतात, डबकी भरलेली असतात, डास-माश्यांचा जोर शिगेला असतो. ज्या महिन्यांत बैलाची गरज सर्वाधिक, त्याच महिन्यांत त्याला आजार जडण्याची शक्यता सर्वाधिक. शिवाय जोडीतला एक बैल बसला की दुसरा निरोगी असूनही निरुपयोगी होतो, त्यामुळे एका जनावराचा आजार म्हणजे प्रत्यक्षात पूर्ण जोडीचे काम थांबणे.

महाराष्ट्र शासनाने २०२२ मध्ये दगावलेल्या गाईसाठी ३० हजार, ओढकाम करणाऱ्या बैलासाठी २५ हजार आणि वासरासाठी १६ हजार रुपये मदत जाहीर केली. ती आवश्यकच होती. परंतु ही मदत मृत जनावराला मिळते. जिवंत पण दीड-दोन महिने खुंट्याला उभ्या असलेल्या बैलासाठी, भाड्याने आणलेल्या जोडीसाठी किंवा तणात हरवलेल्या दोन एकरांसाठी त्यात रकाना नाही. लम्पीच्या हानीची जी गणिते मांडली जातात त्यांतील मोठी उणीव हीच आहे, आणि छोट्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या वाट्याला ती सर्वाधिक येते.

श्रावण अमावास्येचा पोळाही याच काळात येतो. पेनगंगेच्या दोन्ही तीरांवर तो सारख्याच निष्ठेने साजरा होतो. आदल्या दिवशी खांदेमळणी, दुसऱ्या दिवशी अंघोळ, झुली, आणि मग गावच्या सगळ्या बैलांची तोरणाखाली एकत्र रांग. साथीच्या दृष्टीने ही रांग म्हणजे माश्यांसाठी मांडलेली पंगत ठरते. २०२३ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातील काही जिल्ह्यांत प्रशासनाने पोळा घरच्या घरी साजरा करण्याचे आवाहन केले ते यामुळेच. बैलाच्या सन्मानाचा सण बैलाच्या जिवासाठी अंगणापुरता ठेवणे यात विसंगती काहीच नाही. मात्र हा निर्णय सणाच्या आदल्या रात्री दवंडी देऊन अमलात येत नाही.

नदी ही सीमा कोणासाठी?

प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोग प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, २००९ नुसार राज्य शासन एखादा प्रदेश नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित करू शकते, गुरांचे बाजार व वाहतूक बंद करू शकते, आणि पशुपालकाने आजाराची माहिती देणे बंधनकारक असते. राष्ट्रीय महामार्ग ४४ पेनगंगा ओलांडतो तेथे, महाराष्ट्राच्या बाजूस पिंपळखुटीला तपासणी नाका आहे. नाक्यावर गुरांनी भरलेला ट्रक अडवता येतो. उन्हाळ्यात नदीचे पात्र उतरले की चराईसाठी पलीकडे जाणारी गुरे, लग्नात आंदण दिलेली गाय किंवा वाऱ्याबरोबर तरंगत जाणारी माशी तेथे अडत नाही.

प्रादुर्भाव आढळलेल्या गावाभोवती पाच किलोमीटर त्रिज्येत लसीकरण करण्याची पद्धत आहे. काठावरच्या गावाला केंद्र मानून ते वर्तुळ काढले तर त्याचा जवळपास अर्धा भाग दुसऱ्या राज्यात पडतो. तेथे दुसरे पशुसंवर्धन खाते, दुसरी भाषा, दुसरा लससाठा, दुसरे आदेश. वर्तुळाचा एक अर्धा लसवंत आणि दुसरा लसहीन राहिला, तर लस टोचलेल्या अर्ध्याचेही संरक्षण कमकुवत होते. दोन्ही तीरांवरील तालुका पातळीच्या पशुवैद्यकांनी एकमेकांस थेट कळवण्याची सवय ही येथे कोणत्याही नाक्याहून अधिक मोलाची आहे.

माणसाच्या आरोग्याचा संबंधही या पट्ट्यात प्रत्यक्ष दिसून आला आहे. चावऱ्या माश्यांमार्फत पसरणारा ‘सरा’ हा घोडे, उंट, म्हशी यांचा जुना आजार माणसाला होत नाही असे मानले जाई. २००४ साली आदिलाबादला लागून असलेल्या चंद्रपूर जिल्ह्यात एका शेतकऱ्याच्या रक्तात त्याचा परजीवी सापडला. भारतातील ती पहिली सिद्ध झालेली घटना होती. जागतिक आरोग्य संघटनेने पुरवलेल्या सुरामिन या औषधाने रुग्ण बरा झाला. पुढील संशोधनात असे निघाले की, अशा परजीवींना मारणारे जे प्रथिन सामान्यतः मानवी रक्तात असते, त्याचा या रुग्णाच्या रक्तात अभाव होता. घटना अपवादात्मक होती, पण जनावरांचा आजार म्हणून बाजूला ठेवलेल्या रोगावर लक्ष ठेवण्याचे कारण तिने दिले. सऱ्याची झळ वन्यप्राण्यांनाही बसते. २००० साली ओडिशातील नंदनकानन प्राणिसंग्रहालयातील वाघांच्या मृत्युसत्रामागे हाच परजीवी होता.

गोव्याच्या वाचकांना गोचीड आणि आजार यांचे नाते वेगळ्या संदर्भात ठाऊक आहे. १९५७ मध्ये कर्नाटकातील क्यासनूर जंगलात ओळखला गेलेला माकडताप २०१५ पासून सत्तरी तालुक्यात माणसांचे बळी घेऊन गेला आणि पुढच्याच वर्षी दोडामार्ग तालुक्यातही पोचला. त्यात आणि लम्पीत मोठा फरक आहे. माकडतापाने गाय आजारी पडत नाही. परंतु जंगलात चरून येणारी गाय पूर्ण वाढलेल्या गोचिडींचे पोट भरते आणि त्यांची संख्या वाढवण्यास हातभार लावते. लम्पीत ती स्वतः बळी असते. दोन्हींतला समान दुवा म्हणजे जनावराच्या अंगावरची आणि गोठ्यातली गोचीड. लम्पीच्या बाबतीत गोव्याचे स्थान आदिलाबादहून फार सुरक्षित म्हणता येणार नाही, कारण २०२२ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही शेजारी राज्यांत त्याचा प्रादुर्भाव झाला होता.

उपाय आणि त्यांच्या मर्यादा

विषाणूवर थेट औषध नाही. ताप उतरवणे, जखमा स्वच्छ ठेवून माश्या बसू न देणे, दुय्यम जिवाणूसंसर्ग रोखणे आणि जनावराला मऊ चारा-पाणी देत राहणे हाच उपचार होय. विड्याची पाने, काळी मिरी, मीठ आणि गूळ यांचे चाटण राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने सुचवले होते आणि ते गावोगावी पोचले. जनावराला आधार म्हणून ते देण्यास हरकत नाही. पण त्यावर विसंबून लस टाळणे महागात पडते.

भारतात लम्पीविरुद्ध प्रामुख्याने शेळ्यांच्या देवीची लस वापरली गेली. दोन्ही विषाणू सख्खे असल्याने ती गाईंनाही संरक्षण देते. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेच्या सहकार्याने, २०१९ मध्ये रांचीहून मिळवलेल्या विषाणूपासून ‘लम्पी-प्रोव्हॅक-इंड’ ही स्वतंत्र लस तयार केली. १० ऑगस्ट २०२२ रोजी ती जाहीर झाली. लस निरोगी जनावरालाच द्यायची असते आणि प्रत्येक जनावरासाठी नवी सुई वापरावी लागते. एकाच सुईने दावणच्या दावण टोचली, तर ती सुई डासाचेच काम करते.

गोचिडींसाठी डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन यांसारखी औषधे फवारली जातात. तेच औषध वर्षानुवर्षे, कमी मात्रेत वापरल्याने गोचिडी त्याला दाद देईनाशा झाल्याच्या नोंदी देशाच्या अनेक भागांतून आहेत. औषध जनावराच्या अंगावर मारायचे आणि भिंतीच्या फटी तशाच सोडायच्या, ही सर्वांत सामान्य चूक. फटी बुजवणे, चुना लावणे, शेण-मूत्राचा निचरा करणे आणि उकिरडा गोठ्यापासून दूर नेणे ही कामे फवारणीइतकीच परिणामकारक आहेत. कडुनिंबाच्या पाल्याचा संध्याकाळचा धूर डास-चिलटांना तात्पुरते दूर ठेवतो. नवे आणलेले जनावर चार आठवडे वेगळे बांधावे, असा पशुवैद्यकांचा सल्ला असतो. जेथे एकच गोठा आणि एकच झाड आहे तेथे तो पाळणे कठीण, हे खरे. तरी गावाबाहेरच्या शेतात बांधण्याची सोय बहुतेकांना करता येते.

लसीनंतर संरक्षण उभे राहण्यास सुमारे तीन आठवडे लागतात. मृग नक्षत्र जूनच्या पहिल्या आठवड्यात लागते. याचा अर्थ पेनगंगाकाठची लस एप्रिल-मेमध्येच टोचून व्हायला हवी. ऑगस्टमध्ये गाठी दिसल्यावर सुरू झालेली मोहीम आजाराच्या मागून धावते. अडचण अशी की उन्हाळ्यात शेते रिकामी असतात, गुरे दिवसभर मोकळी सोडलेली असतात, आणि दुपारी गावात येणाऱ्या लसपथकाला ती सापडत नाहीत. पहाटे गुरे सुटण्यापूर्वी किंवा सांजेला पाणवठ्यावर पथक पोचले तरच काम होते. बैल बाजारातून याच महिन्यांत विकत घेतले जातात, म्हणून नव्या बैलाच्या लसीची नोंद खरेदीच्या पावतीबरोबर मागून घेणे पशुपालकाच्या हिताचे आहे. लसीचा प्रभाव सुमारे वर्षभर टिकतो, तेव्हा ही टोचणी दर उन्हाळ्यात पुन्हा करावी लागते, आणि मागच्या पावसाळ्यानंतर जन्मलेली वासरे चार महिन्यांची होताच त्या यादीत घ्यावी लागतात.